पाणी पाहायला

१७ सप्टेंबर २०२५, बुधवार. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी होती. सकाळच्या आदिलाबादच्या गाडीनं मी नांदेडहून निघाले, एकटी. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, टॉवेल आणि आदल्या रात्री भाजून ठेवलेले शेंगदाणे. घरी सांगितलं होतं, कुठं जाणार तेही सांगितलं होतं. कोणासोबत, एवढंच सांगायचं टाळलं होतं.

हिमायतनगर माझं आजोळ. कागदावर हिमायतनगर, आजी शेवटपर्यंत वाढोणाच म्हणाली आणि मामाही वाढोणाच म्हणतात. गाडीतून उतरले, परमेश्वराचं दर्शन घेतलं, स्टँडवर पोहे खाल्ले, चहा घेतला आणि किनवट रस्त्यानं इस्लापूरकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसले. पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा पाहायचा आणि संध्याकाळी परत फिरायचं, एवढाच बेत होता. मामांच्या घरी जायचं नाही, हेही ठरवलं होतं. राग नव्हता, रुसवा नव्हता. मामांकडं गेले की मी भाची होते, आणि एक दिवस मला कोणाचीच कोणी व्हायचं नव्हतं. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती, म्हणून सांगितली नाही.

तीन वाजता परतीच्या जीपमध्ये मामांचा फोन आला. "कुठं आहेस?" एवढंच विचारलं. आवाज शांत होता. चाळीस वर्षं मोंढ्यात आडत दुकानावर मुनिमकी केलेल्या माणसाचा आवाज हिशेब चुकला की चढत नाही, उतरतो.

जीपमधून उतरून मामांच्या घरी गेले. ओसरीवर बसायला टाकलेलं होतं.

मामा : ये. पाय धू. पाणी पी. आता सांग, सकाळी तू गावात होतीस?

मी : होते.

मामा : मंदिरात गेलीस. स्टँडवर बसून पोहे खाल्लेस. आज एकादशी आहे, ठाऊक आहे?

मी : धबधब्याला गेल्यावर कळलं. तोवर खाऊन झाले होते.

मामा : असू दे. मंदिरापासून आपलं घर किती लांब आहे?

मी : दोन गल्ल्या.

मामा : दोन गल्ल्या. चार जणांनी विचारलं मला. मुनीमजी, भाची आलती, घरी काही झालंय का? मी काय सांगू लोकांना?

मी : सांगा, काही झालं नाही. ती पाणी पाहायला आली होती.

मामा उठले. कोपऱ्यात पोत्यावर वाळत घातलेली सोयाबीनची चार झाडं होती, त्यातलं एक त्यांनी माझ्या हातात दिला. हलकं लागलं. पानं गळून गेलेली, शेंगा करड्या-काळ्या. एक शेंग मी नखानं उकलली. आत तीन दाण्यांची जागा होती. एक दाणा फुगून फुटला होता, एकाला कोंब आला होता आणि तिसऱ्याच्या जागी नुसतं काळं पाणी होतं. त्याचा आंबूस वास हात धुतल्यावरही गेला नाही.

मामा : हे बघ पाणी. ऑगस्टच्या अखेरीपासून लागला तो लागलाच. शेंग भरायच्या वक्ताला मुळं पाण्यात. सरकारनं यंदा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल लिहिलाय. लिहिलाय चांगला. पण मोंढ्यात नेऊ काय? हा दाणा घेऊन गेलो तर मीच, मुनीम म्हणून, माघारी पाठवला असता. माझ्या शेतावरून वाहिलेलं पाणी नाल्यात गेलं, नाल्यातून पैनगंगेत गेलं, आणि ते पाहायला तू तिकीट काढून आलीस. कसं दिसलं? चांगलं दिसलं?

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वेळ लागला. खोटं बोलणं सोपं होतं.

मी : चांगलं दिसलं, मामा. काळाकभिन्न खडक आणि त्यावरून चहाच्या रंगाचं पाणी. जीप थांबते तिथूनच आवाज येतो. जवळ जावं तसं बोललेलं ऐकू येत नाही, मग आपलं आपल्यालाही ऐकू येत नाही. तुषारांनी चष्मा भरला. मी तो काढून ठेवला आणि तशीच बसले. तेव्हा मला तुमच्या शेताची आठवण झाली नाही, हेही सांगते.

मामा : बघ. म्हणून म्हणतो. पाहुण्यासारखं आलीस तर पाहुण्याइतकंच दिसणार.

मी : पण सकाळी गाडीत झाली होती. भोकर सोडल्यापासून मी खिडकीला होते. पिवळी पडलेली रानं, मध्ये तळी साचलेली, कापसाची बोंडं खाली झुकलेली. कुजल्याचा वास डब्यात येत होता. लहानपणापासून शंभरदा आले असेन या रस्त्यानं. आई सोबत असायची, मावशी असायची, कोणी ना कोणी बोलत असायचं, डबा उघडत असायचं. मी हा रस्ता आज पहिल्यांदा पाहिला. आज मला कोणाशी बोलायचं नव्हतं म्हणून पाहिला.

मामा गप्प राहिले. मला वाटलं पटलं असावं. पण ते दुसरीकडून येत होते.

मामा : आज कोणता दिवस आहे?

मी : मुक्तिसंग्राम दिन.

मामा : सकाळी झेंडा झाला. कॉलेजलाही झाला; हुतात्मा जयवंतराव पाटलांच्या नावाचं कॉलेज आहे आपलं. आमचे अण्णा, तुझे आजोबा, १९४८ ला ही नदी उतरून पलीकडं गेले. इकडं निजामाचं राज्य, रझाकारांचा धुमाकूळ. पलीकडं वऱ्हाड, म्हणजे हिंदुस्थान. तिकडं आपल्या लोकांचे कॅम्प होते. पाच जण होते. अण्णा सांगायचे, अंधारात एकमेकांच्या धोतराचा सोगा धरून उतरले. एकाचा पाय सुटला की चौघं ओढायचे. तुला हे सांगतो ते शौर्याचं म्हणून नाही. आपल्याकडं नदी एकट्यानं उतरत नाहीत. पंढरीला माणूस दिंडीत जातो. शिवरात्रीच्या यात्रेला गाव मिळून जातं. मयताला चार खांदे लागतात. एकट्यानं कोणी काही केलंय, असं मला तरी आठवत नाही.

मी : तेव्हा आजी कुठं होती?

मामा : इथंच. याच घरात.

मी : कोणासोबत?

मामांनी उत्तर दिलं नाही. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आजीनं ते अनेकदा सांगितलं होतं: पोटात मोठी मावशी, दाराला आतून उखळ लावलेलं, रात्री दिवा लावायचा नाही. किती दिवस, ते तिनं कधी मोजून सांगितलं नाही.

मी : आजोबांना चौघांची सोबत होती, मामा. एकटी आजी होती. आपल्याकडं एकटं कोणी राहत नाही असं नाही. बायका राहतात. घरात राहतात. फक्त रस्त्यावर राहिलेल्या चालत नाहीत.

मामा : ते दिवस वेगळे होते.

मी : आजचं सांगते मग. धबधब्याजवळ एक म्हातारी सीताफळं विकत होती. किनवटच्या जंगलाकडच्या एका गावातली. डोक्यावर टोपलं घेऊन पहाटे निघते, दोन कोस चालत येते, संध्याकाळी परत जाते. रोज एकटी. तिला कोणी विचारत नाही, सोबत कोण आहे म्हणून.

मामा : ती कामाला येते.

मी : तेच म्हणते मी.

मामा : काय म्हणतेस?

मी : रानात सरपणाला बाई एकटी जाते, मोहफुलं वेचायला जाते, तेंदूपानाला जाते. चालतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बायका एकट्या दवाखान्यात जातात, बँकेत जातात, माहेरी जातात. तुम्हीच म्हणाला होता, चांगलं झालं. तेही चालतं. कामाला एकटीनं जावं, मजेला चौघींनी जावं. पण बाई एकटी आहे आणि तिला काही काम नाही, असं झालं की सगळ्यांचा जीव घाबरा होतो. तुमचाही झाला.

मामा : झाला. कामून होऊ नये? काम असलेल्या माणसाला लोक ओळखतात. हा खत घ्यायला आला, ही दवाखान्यात चालली. बिनकामाचा माणूस दिसला की गाव विचारात पडतं. विचारात पडलेलं गाव चांगलं नसतं, माय. मी या गावात सदुसष्ट वर्षं काढलीत.

हे मामांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. दिवसभर मला किमान सात जणांनी विचारलं होतं: कोणाकडं आलात? जीपवाल्यानं विचारलं, मंदिरात हार विकणाऱ्या बाईनं विचारलं, इस्लापूरला चहाच्या टपरीवर विचारलं. नांदेडला हा प्रश्न कोणी विचारत नाही. लाखोंच्या शहरात कोण कोणाकडं आलंय याचं कोणाला पडलेलं नसतं. इकडं तो नमस्कारासारखा येतो. उत्तरात एक नाव लागतं. ते मिळालं की लोक मोकळे होतात, पाणी देतात, बसायला देतात, जीपवाला पैसे कमी घेतो. मी दरवेळी "कोणाकडंच नाही" म्हणाले आणि दरवेळी समोरच्याच्या तोंडावर काहीतरी मिटलं. मामांचं नाव घेतलं असतं तर प्रत्येक दार उघडलं असतं. ते न घेण्याचा हट्ट माझा होता. त्याची किंमतही मीच दिली.

फक्त त्या सीताफळवालीनं विचारलं, "कोणासोबत आलाव?" मी म्हणाले, "एकटीच." तिनं मान डोलावली, टोपल्याखालचं बारदान सरकवून अर्धं माझ्यासाठी मोकळं केलं आणि पुढं काही विचारलं नाही. अर्धा-पाऊण तास आम्ही एकमेकींशेजारी पाण्याकडं तोंड करून बसलो होतो. उठताना तिनं एक सीताफळ हातात ठेवलं. पैसे घेतले, पण निवडून दिलं, डोळे उघडलेलं.

मामा : आणि पाय घसरला असता तर? तिथला खडक शेवाळलेला असतो. वर इसापूरला दरवाजे उघडले की पाणी चढायला वेळ लागत नाही. तू डोळे मिटून बसलीस, चष्मा काढून बसलीस. कोणाला कळलं असतं? फोनला रेंज नसते तिथं.

मी : नव्हती. हे तुमचं बरोबर आहे. कुठं आहे आणि किती वाजता परतणार, हे तुम्हाला सांगून जायला हवं होतं. काठापासून लांब होते मी, पण तुम्हाला ते ठाऊक नव्हतं.

मामा : घरी येऊन सांगितलं असतंस तर मी नको म्हणलो असतो?

मी : नको म्हणाला नसता. सोबत आला असता.

मामा : मग त्यात वाईट काय?

मी : वाईट काही नाही, मामा. तुम्ही सोबत आला असता तर मी तुमच्याकडं पाहिलं असतं. तुमचे गुडघे दुखतात का, तुम्हाला ऊन लागतं का, तुम्हाला परत जायची घाई झाली का. मला तेच येतं. मी तेच करते रोज, घरी आणि ऑफिसात. एक दिवस ते करायचं नव्हतं.

मामांनी पानाचा डबा उघडला आणि एकादशी आठवून परत बंद केला.

मामा : माहूरच्या रस्त्यानं काळ्या कपड्यातले महानुभाव जाताना पाहिलेस? आपल्या गाडीलाही असतात. त्यांच्यात आहे हे. चक्रधरस्वामी एकटे फिरले, लीळाचरित्रात त्याचा वेगळा भागच आहे, एकांक. आपल्या माणसांनाही त्यांनी सांगितलं, अटन करा, एकटे राहा, झाडाखाली निजा, ओळखीच्या मुलखात राहू नका. बायकांनाही सांगितलं. म्हणजे मी काही जुन्या डोक्यानं बोलायलो असं समजू नकोस. पण त्यांनी घर सोडलेलं असतं. सोडलं त्याचं दुखत नाही. तुला घर सोडायचं नाही, नाव सोडायचं नाही, संध्याकाळी परतही यायचं. अन् मधले आठ तास तेवढे कोणी ओळखू नये म्हणतेस. असं कसं होईल?

हा त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा होता, आणि मी तो आधी कधी ऐकला नव्हता. खरंच, ओळखीच्या मुलखात अनोळखी व्हायला गेलेली मी! दुसरीकडं कुठंही गेले असते तर हा प्रश्न आला नसता. पण मला आजोळच्याच रस्त्यावर अनोळखी व्हायचं होतं. वाढोण्याला मी सुट्टीतली भाची म्हणून आले, लग्नातली करवली म्हणून आले, आजीच्या दहाव्याला आले. हा मुलूख मी नेहमी कोणाच्या तरी पदराआडून पाहिला. घर सोडलेल्या माणसाला आठ तास पुरत नसतील. ज्याला सोडायचं नाही त्याला आठ तास तरी मिळावेत, असं मला वाटतं. तसं मी मामांना म्हणालेही.

मामा : मिळावेत म्हणतेस. कोण देणार?

मामी : (आतून) मी काय म्हणते, सहस्रकुंडाला मी किती बार गेले असंल?

आम्ही दोघंही दाराकडं वळलो. मामी इतका वेळ आत होत्या. त्यांच्या हातात माझं ताट होतं: ज्वारीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. घरात भगर रांधलेली होती. भाकरी एकट्या माझ्यासाठी टाकली होती. "तुपला उपास सकाळीच मोडला," एवढंच त्या म्हणाल्या.

मामा : तू? गेलीस की. लई बार गेलीस.

मामी : तीन बार. लग्न झालं त्या साली, मग तुमच्या बहिणी आल्या तेव्हा, मग व्याही आले तेव्हा. तिन्ही बार पंधरा-वीस माणसं. मी डबे घेऊन बसायचे. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं, लेकरांचं दूध. माणसं पाण्याकडं तोंड करून बसली की वाढणाऱ्याचं तोंड कुणीकडं होतं?

मामा काही बोलले नाहीत.

मामी : आवाज ऐकलाय मी. लई मोठा आवाज आहे. पाणी पडताना कसं दिसतं ते मला तुमच्यासारखं सांगता यायचं नाही. ही म्हणायली चहाच्या रंगाचं. मला पांढरं वाटायचं.

मी : उन्हाळ्याच्या तोंडी पांढरं असेल, मामी. आज गढूळ होतं.

मामी : खा. निवल.

मी जेवले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मामा त्या सोयाबीनच्या झाडाच्या शेंगा एकेक करून उकलत होते, चांगला दाणा निघाला तर एका बाजूला ठेवत होते. मी ताट उचललं तेव्हा तिथं अकरा दाणे होते.

निघताना मामी म्हणाल्या, पंधरवडा चालू आहे, आज ओटी भरता येत नाही, नवरात्रात ये. पिशवीत त्यांनी अंबाडीची जुडी आणि दोन शेर तुरीची डाळ कोंबली. ती नको म्हणायची सोय नव्हती आणि मला म्हणायचंही नव्हतं.

मामा स्टँडपर्यंत आले. वाटेत दोघांनी थांबवून विचारलं, भाची का? मामा दोन्ही वेळा म्हणाले, "हो, आमचीच. सहस्रकुंड पाहायला आलती." कोणासोबत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि समोरच्यानंही विचारलं नाही. किनवटहून नांदेडला जाणारी एसटी आली. मामा माझ्या आधी पायरी चढले आणि वाहकाला म्हणाले, "नांदेडचं एक. अर्धं. एकटीच आहे. खिडकीची जागा बघा."

मी बसले. मामा खाली उतरून खिडकीशी आले. गजावर हात ठेवून उभे राहिले. गाडी सुरू झाली होती, धूर निघत होता.

"एक सांग," ते म्हणाले. "धारेच्या मधे तो मोठा खडक आहे बघ, बैलाच्या वशिंडासारखा. तो उघडा होता का?"

"नाही. पाण्याखाली होता. दिसतच नव्हता."

मामांनी मान हलवली. डोळे बारीक करून ते नदीच्या दिशेला पाहू लागले, जणू इथून दिसणार होती.

"म्हणजे वरून अजून सोडायलेत," ते म्हणाले. "नाला तुंबलेलाच राहणार. आठ दिवस तरी रान वाफशाला येत नाही."